टेनिस : साधने व ग्रंथ

टेनिसच्या खेळास लागणारे रॅकेट, चेंडू, जाळे, मैदान इ. साहित्य आणि तो खेळ शिकविणारे किंवा त्याचा इतिहास सांगणारे लेखन यांचा विचार सामान्यतः वेगवेगळा केला जातो. तथापि आधुनिक मैदानी टेनिसच्या जन्माच्या वेळी ही दोन्ही एकाच पेटीत होती. इंग्लंडमधील मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड (१८३३–१९१२) यांनी १८७४ च्या फेब्रुवारीत आपल्या खेळाच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि लंडनमधील एका दुकानामार्फत त्याच्या पेट्या विकण्यास आरंभ केला. पेटीची किंमत पाच गिनी होती. तीत रॅकेट, रबरी चेंडू, जाळे, खांब यांच्या जोडीला नियमांची एक छोटी पुस्तिकाही असे. विंगफील्ड यांनी खेळाला दिलेले ‘स्फायरिस्टिके’ हे ग्रीक नाव व मध्यभागी निमुळते होणारे त्यांचे मैदान लवकरच मागे पडले. मेरिलबोन क्रिकेट क्लबने १८७५ मध्ये आणि विंबल्डनच्या ऑल इंग्लंड क्लबने १८७७ मध्ये नव्याने नियम केले. सामान व पुस्तक एकत्र विकण्याची कल्पना मात्र खेळाच्या जलद प्रसारास कारणीभूत ठरली, कारण कोणत्याही शिक्षकाशिवाय चार माणसे हिरवळीवर जाळे ताणून खेळू लागत.

हिंदुस्थानात हा खेळ इंग्रज लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांबरोबर आला. लाहोर येथे १८८५ मध्ये व कलकत्ता येथे १८८७ मध्ये स्पर्धा भरू लागल्या. अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० मध्ये स्थापन झाली आणि पुढील वर्षीच भारतीय संघाने डेव्हिस चषक स्पर्धेत फ्रान्सचा पराभव केला. महाराष्ट्रात छावण्यांतील क्लबांपाठोपाठ पुण्याचा पी. वाय. सी. हिंदू जिमखाना (१९००) व डेक्कन जिमखाना (१९०६) यांसारख्या एतद्देशीयांच्या संस्था निघाल्या. पेटीतील सामान या भूमीत उत्तम रुजले. इथल्या लाकडाचे, इथल्या तातीचे आणि इथल्या मुरमाचे झाले. पुस्तिका मात्र बराच काळ इंग्रजीतच राहिली. टेनिसच्या साधनांचा महाराष्ट्रातील इतिहास पाहताना ही तफावत सतत जाणवते.

लाकडी रॅकेट इंग्लंडमध्ये मुख्यत्वे ॲश वृक्षाच्या लाकडाची करीत. लाकडाच्या पट्ट्या वाफेने नरम करून वाकवीत व वाळल्यावर त्यांना मूठ आणि कंठाचा भाग जोडीत. पंजाबात सियालकोट येथे १८८० नंतर हा धंदा वाढला. एका इंग्रजाची मोडलेली रॅकेट स्थानिक कारागिराने दुरुस्त केली, तेथून त्याचा उगम झाला, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा कसाही असो, तेथील कारागिरांनी ॲशऐवजी तुतीचे लाकूड वापरले, हे महत्त्वाचे. लाहोरजवळील छांगा मांगा येथील लागवड मुळात रेल्वेच्या जळणासाठी केलेली होती. तीतील तुतीचे लाकूड हॉकीच्या काठ्या व रॅकेटी यांना सोयीचे ठरले. १९४७ च्या फाळणीनंतर सियालकोटचे अनेक व्यावसायिक जालंदर व मेरठ येथे येऊन स्थायिक झाले आणि भारतातील क्रीडासाहित्याच्या धंद्याची ही दोन प्रमुख केंद्रे बनली. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी खेळाच्या दुकानात मिळणारे साहित्य पुढे बहुधा याच गावांहून येत असे.

रॅकेटची जाळी पूर्वी जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या तातीने विणीत. फ्रान्समधील लीआँ येथे प्येर बाबोला यांनी १८७५ मध्ये टेनिससाठी अशी तात तयार केली. व्यवहारात तिला गट व ती रॅकेटमध्ये ओवून ताणण्याच्या कामाला गटिंग म्हणतात. वर्धा परिसराला तात ही वस्तू अपरिचित नव्हती. कापूस पिंजण्याच्या पिंजणाला तीच लागते, आणि खादीच्या कार्यामुळे या भागात पिंजणाचा अभ्यास बारकाईने झाला. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यालय १९३४ च्या अखेरीपासून वर्ध्याच्या मगनवाडीत होते, तर शहरालगतच्या नालवाडी येथे मृत जनावरांच्या कातड्यांवर प्रक्रिया करणारे चर्मालय गोपाळराव वाळुंजकर यांनी चालविले. रॅकेटची तात व पिंजणाची तात या एकाच जातीच्या वस्तू. एकीचा संबंध जिमखान्याशी, तर दुसरीचा चरख्याशी. वर्ध्यात त्या दोन जगांची गाठ क्वचितच पडली असेल.

आतड्याच्या तातीचा गुण असा की, ती चेंडूचा आघात झेलून लगेच मूळ स्थितीवर येते व हाताला हादरा कमी बसतो. दोष हा की, ओलाव्याने ती फुगते, उसवते आणि तुटते. लाकडाची गतीही तीच. पावसाळ्यात रॅकेट पिळवटू नये म्हणून ती चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवीत. जुन्या घरांच्या माळ्यावर अशा चौकटी अजूनही सापडतात. इंग्लंडच्या हवेसाठी घडलेले हे साधन कोकणच्या पावसात किंवा विदर्भाच्या उन्हात टिकविणे हे एक स्वतंत्र कौशल्यच होते. ते गटिंग करणाऱ्या कारागिराकडे आणि क्लबातील ‘मार्कर’कडे असे. मार्कर म्हणजे सभासदांबरोबर सराव खेळणारा, त्यांना फटके शिकविणारा व मैदानाची निगा राखणारा नोकर. क्लबात त्याला सभासदत्व नसे. मात्र अनेक सभासदांपेक्षा त्याचा खेळ सरस असे. हिंदुस्थानातील टेनिसचे बरेचसे ज्ञान अशा माणसांच्या हातापायांत होते. ते कोणी लिहून घेतले नाही, ही या खेळाच्या भारतीय इतिहासातील मोठी उणीव म्हणावी लागेल.

रॅकेटच्या स्वरूपात खरा पालट १९६० नंतर घडून आला. विख्यात फ्रेंच खेळाडू रने लाकॉस्त यांच्या कल्पनेवरून पोलादी नळीची रॅकेट तयार झाली; विल्सन कंपनीने ती १९६७ मध्ये टी-२००० या नावाने बाजारात आणली व जिमी कॉनर्स यांनी ती प्रसिद्धीस नेली. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड या अभियंत्याने प्रिन्स कंपनीची मोठ्या तोंडाची रॅकेट पुढे आणली. लाकडी रॅकेटचे तोंड सु. ४५० चौ. सेंमी. असे, तर हिचे ७१० चौ. सेंमी. होते. तोंड रुंद झाल्याने चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला, तरी रॅकेट हातात फिरत नाही. नवशिक्याला याचा लाभ सर्वाधिक होतो. त्यानंतर कार्बन तंतूंच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या रॅकेटी आल्या आणि लाकडाचे दिवस संपले. फ्रेंच अजिंक्यपदाच्या स्पर्धेत १९८३ मध्ये यानिक नोआ यांनी मिळविलेले विजेतेपद हे लाकडी रॅकेटने जिंकलेले पुरुषांचे अखेरचे मोठे विजेतेपद समजतात.

आश्चर्याची गोष्ट म्हणजे १९७८ पर्यंत खेळाच्या नियमांत रॅकेटची व्याख्याच नव्हती. दुहेरी विणीची ‘स्पॅगेटी’ रॅकेट १९७७ मध्ये स्पर्धांत दिसू लागली. तिने चेंडूला विलक्षण फिरक मिळे. तिच्या साहाय्याने ईली नस्तासे यांनी गियेर्मो विलास यांची क्ले मैदानावरील दीर्घ विजयमालिका खंडित केली, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाला जाग आली. सध्याच्या नियमांनुसार रॅकेटची एकूण लांबी ७३·७ सेंमी. पेक्षा व रुंदी ३१·७ सेंमी. पेक्षा जास्त असता कामा नये. तातीच्या जागी नायलॉन व पुढे पॉलिएस्टरची तार आली. गुस्ताव्हो कुर्तेन यांनी १९९७ मध्ये पॉलिएस्टर तारेने फ्रेंच विजेतेपद जिंकल्यावर तिचा प्रसार झपाट्याने झाला. ती टिकाऊ आहे, फिरक देते, पण ताठही आहे. शाळकरी मुलाच्या कोपराला ती मानवत नाही. दुकानदार बहुधा हे सांगत नाही.

कोपराचा विषय दुर्लक्षण्याजोगा नाही. ‘लॉन टेनिस एल्बो’ या दुखण्याची नोंद ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात १८८३ मध्येच झाली होती, म्हणजे विंगफील्ड यांच्या पेटीनंतर अवघ्या नऊ वर्षांनी. महाराष्ट्रात हे नाव घरोघरी झाले ते एका क्रिकेटपटूमुळे. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये हे दुखणे जडले. चुकीचा फटका हे त्याचे पहिले कारण असले, तरी फार जड वा फार ताठ रॅकेट, हाताच्या मानाने लहान मूठ आणि भिजलेले, जड झालेले चेंडू हीही कारणे आहेत. मुठीचे माप घेण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे : रॅकेट धरल्यावर बोटांची टोके व तळहाताचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावावी. पेशेवर खेळाडूच्या नावाची महागडी रॅकेट घेण्यापेक्षा मध्यम वजनाची, सु. १०० चौ. इंच (६४५ चौ. सेंमी.) तोंडाची रॅकेट व मऊ तार हे नवशिक्यास अधिक हितकारक होय.

चेंडूच्या बाबतीत नियम काटेकोर आहेत. नेहमीच्या चेंडूचे वजन ५६ ते ५९·४ ग्रॅ. व व्यास ६·५४ ते ६·८६ सेंमी. असावा लागतो, २५४ सेंमी. उंचीवरून कठीण पृष्ठावर सोडला असता तो सु. १३५ ते १४७ सेंमी. उसळला पाहिजे. विंगफील्ड यांच्या वेळचे चेंडू उघड्या रबराचे होते. त्यांवर फ्लॅनेलचे आवरण चढविण्याची युक्ती जे. एम. हीथकोट यांची. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर स्पष्ट दिसावा म्हणून १९७२ मध्ये पिवळा चेंडू मान्य झाला, परंपराप्रिय विंबल्डनने मात्र तो १९८६ पर्यंत स्वीकारला नाही. आत हवेचा दाब असलेला चेंडू डबा फोडल्यापासून मंदावू लागतो. बिनदाबाचा चेंडू अधिक कडक, पण दीर्घकाळ टिकणारा असतो. मोजक्या पैशांत सराव चालविणाऱ्या शाळांना दुसरा परवडतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या मैदानावर दाबाचा चेंडू प्रमाणाबाहेर उसळतो, तेव्हा खेळ सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवणे इष्ट.

साधनांत सर्वांत खर्चिक असते ते मैदान. एकेरी सामन्यासाठी २३·७७ × ८·२३ मी. व दुहेरीसाठी २३·७७ × १०·९७ मी. जागा आखावी लागते. भोवतालची मोकळी जागा धरून ती सु. ३६·५७ × १८·२९ मी. भरते. जाळ्याची उंची मध्यभागी ९१·४ सेंमी. असते. वर्धा शहराला लागून असलेली बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे ही गावे कापसाच्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात येतात. ही माती पावसात फुगते आणि वैशाखात तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट आखलेले मैदान एका पावसाळ्याचेही सोबती नसते. म्हणून अशा ठिकाणी काळी माती खणून काढून दगड, मुरूम यांचे थर द्यावे लागतात, पाण्याच्या निचऱ्यासाठी बाजूला चर खणावे लागतात आणि मग रूळ फिरवून वरचा थर बसवावा लागतो. शेणकाल्याने सारवून पृष्ठ एकजीव करण्याची व फक्कीने रेषा आखण्याची पद्धत भारतात सर्वत्र होती. घरचे अंगण सारवणाऱ्यांना ती शिकवावी लागली नाही. सिमेंट व ॲक्रिलिक रंगाचे कठीण मैदान आज अधिक प्रचलित आहे. त्याला रोजची निगा लागत नाही, पण खालच्या काळ्या मातीची हालचाल त्यालाही तडे पाडते. शिवाय त्यावर गुडघ्यांना ताण अधिक बसतो.

ग्रंथांकडे वळता, टेनिसवरील इंग्रजी वाङ्‌मय विपुल आहे. त्यातील बरेचसे तात्कालिक आहे. टिकून राहिलेल्या ग्रंथांत अमेरिकन खेळाडू बिल टिल्डन यांचा मॅच प्ले अँड द स्पिन ऑफ द बॉल (१९२५) प्रथम येतो. रॅकेट व मैदाने बदलली, तरी चेंडूची फिरक आणि प्रतिस्पर्ध्याचे मन यांविषयी त्यांनी केलेले विवेचन शिळे झालेले नाही. टिमथी गॅलवे यांचा द इनर गेम ऑफ टेनिस (१९७४) फटक्यांपेक्षा चित्ताच्या एकाग्रतेविषयी बोलतो. सूचना देणारे मन आणि प्रत्यक्ष खेळणारे शरीर असा त्यातील भेद भारतीय वाचकास फारसा नवा वाटणार नाही. हॉवर्ड ब्रोडी या भौतिकीविज्ञांनी टेनिस सायन्स फॉर टेनिस प्लेअर्स (१९८७) या पुस्तकात रॅकेटचा ताठपणा, तारेचा ताण, चेंडूची उसळी यांचा हिशेब मांडला. तार सैल असता चेंडू अधिक वेगाने जातो व घट्ट असता तो अधिक ताब्यात राहतो, हा अनेकांना उलटा वाटणारा नियम त्यात सोदाहरण दिला आहे. रसिकासाठी जॉन मॅक्फी यांचे लेव्हल्स ऑफ द गेम (१९६९) हे छोटे पुस्तक आदर्श ठरावे. आर्थर ॲश व क्लार्क ग्रेबनर यांच्या १९६८ मधील एकाच सामन्यातून त्यात दोन माणसांची आयुष्ये उलगडतात. खेळाच्या मध्ययुगीन उगमाविषयी हायनर गिलमाइस्टर यांचा सांस्कृतिक इतिहास प्रमाण मानला जातो.

भारतीय खेळाडूंपैकी रामनाथन कृष्णन यांनी पुत्र रमेश कृष्णन व पत्रकार निर्मल शेखर यांच्यासह ए टच ऑफ टेनिस (१९९९) हे पुस्तक लिहिले. १९६० व १९६१ मध्ये विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या या खेळाडूचा हळुवार, जागा हेरून मारण्याचा खेळ पुस्तकाच्या नावातच आला आहे. विजय अमृतराज, सानिया मिर्झा यांचीही आत्मचरित्रे आहेत. तीही मुळात इंग्रजीतच.

मराठीत असे लेखन का झाले नाही, या प्रश्नाला ‘भाषेत शब्द नव्हते’ हे उत्तर पटण्यासारखे नाही. ज्या डेक्कन जिमखान्यावर टेनिस खेळले जाई, त्याच संस्थेने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधून त्या देशी खेळास शिस्त आणली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध केले. खेळ व व्यायाम यांवर एवढे विस्तृत काम त्या काळी भारतीय भाषांत दुर्मीळच होते. म्हणजे नियम लिहिण्याची, मापे देण्याची, हालचालींची वर्णने करण्याची परंपरा मराठीत उत्तम होती. तिचा ओढा साहजिकच मल्लखांब, कुस्ती, हुतुतू, आट्यापाट्या यांच्याकडे होता. टेनिस हा साहेबाचा व साहेबी राहणीच्या वर्गाचा खेळ. तो खेळणारा माणूस इंग्रजी पुस्तक वाचू शके; ज्याला वाचता येत नसे त्या मार्करला कोणी पुस्तक दिलेच नाही. पंडिता क्षमा राव (१८९०–१९५४) यांचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. पुण्यात जन्मलेल्या या विदुषी टेनिसही चांगले खेळत. त्यांची कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डन येथे एकेरीची पहिली फेरी जिंकली. तेथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. क्षमाबाईंची लेखणी संस्कृतात सत्याग्रहगीता व संतांची चरित्रे लिहिण्यात रमली, तर लीलाबाईंचे लेखन नृत्य व नाट्य यांकडे वळले.

शब्द घडविले ते वृत्तपत्रांनी. विशेषतः १९६२ नंतर महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकर यांनी क्रीडावृत्ताला स्वतंत्र पान मिळवून दिले आणि इतर दैनिकांनी तो पायंडा उचलला. ‘बिनतोड सर्व्हिस’, ‘अग्रमानांकित’, ‘परतीचा फटका’, ‘सरळ सेटमध्ये’, ‘उपांत्य फेरी’ हे शब्दप्रयोग आज मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले आहेत. त्यांतील बिनतोड हा शब्द तर मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षा अर्थवाही आहे. पुण्यात १९७४ मध्ये भारताने सोव्हिएट रशियाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली, व पुढे वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला, तो सर्व प्रसंग मराठी वाचकाने वृत्तपत्रांतूनच अनुभवला. बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात भरलेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेचे वृत्तान्तही याच शब्दकळेत लिहिले गेले. बातमीतील शब्द विजय-पराजय सांगतात. मूठ कशी धरावी, मुलाला कोणती तार द्यावी, काळ्या मातीवर मैदान कसे करावे हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी लागणारी पुस्तके मराठीत आजही मोजकीच आहेत.

लहान मुलांच्या साधनांत अलीकडे झालेला बदल या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरण्यास मनाई केली. त्याऐवजी मंद उसळीचे तांबडे, नारिंगी व हिरवे असे तीन प्रकारचे चेंडू ठरवून दिले आहेत. तांबडा चेंडू सर्वांत मंद असतो. त्यासाठी आखूड रॅकेट, ८० ते ८३·८ सेंमी. उंचीचे जाळे व जास्तीत जास्त १२·८० × ६·१० मी. मापाचे मैदान पुरते. बॅडमिंटनचे मैदान १३·४० × ६·१० मी. असते. म्हणजे ज्या शाळेच्या आवारात बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या आहेत, तेथे जाळे खाली उतरवून हे टेनिस त्याच दिवशी सुरू करता येते. मोठे मैदान बांधण्याजोगी जागा वा निधी नसलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीला दोन दोऱ्या, एक जाळे, डझनभर तांबडे चेंडू व ५८ सेंमी. लांबीच्या काही रॅकेटी एवढेच सामान त्यासाठी लागते.